तेराच्या पाढ्यावरचा डाग

दिवाळीच्या आधी माळा आवरताना लेकाचं तिसरीतलं उजळणीचं पुस्तक हाती लागलं. कव्हर फाटलेलं, पहिल्या पानावर नाव, इयत्ता, तुकडी आणि त्याखाली मिशा काढलेला एक बोका. रद्दीत टाकण्याआधी सहज चाळलं, तर तेराच्या पाढ्यावर भलामोठा तेलकट गोल. कडा जरा वेड्यावाकड्या, कारण पोळी माझ्या हातची होती. तूप इतकं मुरलंय की कागद पारदर्शक झालाय आणि तेरा साती एक्क्याण्णवच्या आरपार मागच्या पानावरचा पाढा उलटा दिसतो.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. बारापर्यंतचे पाढे त्याला येत होते, पण तेरा हा कुठल्याही मराठी पोराच्या आयुष्यातला पहिला खरा घाट. बँकेतून आले, चपला काढल्या आणि आतल्या खोलीत डोकावले, तर चिरंजीव जमिनीवर गुडघे टेकून पुस्तकावर पोळी पसरून दोन्ही तळव्यांनी दाबतायत. शेजारी सासूबाई पाय पसरून बसलेल्या, हातात जपमाळ, चेहरा गंभीर.

"हे काय चाललंय?"

"आजी म्हणाली तुपाची घे, कोरडी चिकटणार नाही."

मी पाठीत एक रट्टा घातला. सासूबाईंना घालता येत नव्हता म्हणून तोही त्यालाच घातला. मग पुस्तक पुसत बसले आणि पोळीचं पुढे काय झालं ते पाहायचं राहून गेलं.

ज्यांच्या घरात गेल्या वीस वर्षांत एखादं पोर वाढलं असेल त्यांना ही पोळी कुठून आली ते सांगायला नको. डोरेमॉन या जपानी कार्टून मालिकेतलं यंत्रमानव मांजर आपल्या पोतडीतून नाना वस्तू काढतं, त्यातली ती एक. जपानीत तिला 'अंकीपान' म्हणतात. अंकी म्हणजे पाठांतर, पान म्हणजे पाव. पुस्तकाच्या पानावर पावाचा तुकडा दाबायचा, त्यावर अक्षरं उमटतात, तो खाल्ला की मजकूर पाठ. (हा 'पान' आणि आपला 'पाव' सख्खे भाऊ आहेत बरं का. दोघंही पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरले, एक गोव्यात आणि एक जपानात.) परीक्षेच्या आदल्या दिवशी नोबिता, म्हणजे ज्याच्या घरी ते मांजर राहतं तो शाळकरी मुलगा, पाव खात सुटतो. पुढच्या धड्याचा, मग त्याच्या पुढच्या धड्याचा. पोट तट्ट फुगतं तरी खातो. व्हायचं तेच होतं. पोट बिघडतं आणि पाठ केलेली सगळी विद्या संडासात वाहून जाते. हा भाग पाहून सासूबाई इतक्या हसल्या होत्या की त्यांना ठसका लागला होता.

आमच्या घरी हे दुपारचं सत्र असायचं. लेक शाळेतून आला की दप्तर कोपऱ्यात, हातात वरणभाताची ताटली आणि समोर हंगामा टीव्ही. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, त्यामुळे राखणीला आजी. सासूबाई सिन्नरच्या, चौथी शिकलेल्या, हिंदी त्यांना बाजारापुरतं येत असे. पण नातवाशेजारी बसून बसून त्यांना त्या मालिकेतली सगळी आळी ओळखीची झाली होती. फक्त नावं त्यांनी आपल्या पद्धतीने बसवून घेतली होती. नोबिताचा नोबित्या झाला, जियानचा जाड्या, सुनियोचा चोचीवाला. शिझुका ही "ती शहाणी मुलगी", आणि डोरेमॉन "ते निळं मांजर". तो मांजर आहे हे त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं. मला महिनाभर तो सील मासा वाटत होता. मालिकेतही त्याला लोक मांजराऐवजी भलतंच काही म्हणतात आणि तो चिडतो. उंदरांनी कान कुरतडले, त्याला तो तरी काय करणार!

आयांच्या जगात मात्र नोबिताचं नाव खराब होतं. पालकसभेनंतर फाटकापाशी ज्या गप्पा होतात, त्यात एकीने हमखास काढायचं, "आमचा तर अगदी नोबिता झालाय." म्हणजे आळशी, रडका, झोपाळू, गृहपाठ न करणारा, आयत्या मदतीची वाट पाहणारा. मीही मान डोलवायचे. मालिका बंद करावी, निदान मुलांना दाखवू नये, हे माझंही मत होतं. मी तेव्हा एकही भाग सलग पाहिलेला नव्हता, हे आधी सांगून टाकते.

सलग पाहायची वेळ आली ती कांजिण्यांमुळे. लेकाला कांजिण्या आल्या, मी आठवडाभर रजा टाकली आणि त्याच्या पलंगाशी बसून दिवसाला सहा-सात भाग पाहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की या मालिकेत मी आहे. चष्मा लावून, कंबरेवर हात ठेवून, दारात उभी. नोबिताची आई तामाको. तिच्या तोंडी पहिलं वाक्य ओरडण्याचं आणि शेवटचंही ओरडण्याचं. "अभ्यास केलास का?" "बाजारात जाऊन ये." "हा शून्याचा पेपर कुठे लपवला होतास?" लेकाने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तो गालात हसत होता.

आणखी एक गोष्ट दिसली. नोबिता हाताने आळशी असेल, डोक्याने अजिबात नाही. मांजर फक्त वस्तू काढून देतं आणि ती कशी चालते ते सांगतं. तिचं करायचं काय, हे सगळं त्या पोराचं. एक टेलिफोन बूथ आहे. त्यात जाऊन "अमुक असतं तर" म्हणायचं आणि बाहेर यायचं, की जग तसं झालेलं असतं. आता हा बूथ तुम्हा-आम्हाला मिळाला तर काय मागू? कर्ज नसतं तर, गुडघे दुखत नसते तर. नोबिताला आयुष्यात तीनच गोष्टी नीट जमतात: पटकन झोपणं, नेम मारणं आणि बोटांत दोरा अडकवून खाट, पाळणा करायचा तो खेळ. तर हा बूथमध्ये जाऊन मागतो, की जगात दोऱ्याच्या खेळाला सगळ्यात मोठा मान असता तर! बाहेर येतो तर काय, लोक दोऱ्याचे सामने पाहतायत, आई-बाबा तल्लीन होऊन दोरा गुंफतायत, आणि वर्गातला ढ मुलगा एकदम कलावंत. मला गणित येत नाही, तर गणित यावं असं तो मागत नाही. मला जे येतं ते मोजणारं जग द्या, म्हणतो. आळशी पोराला हे सुचत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्याला सुचतं. मीही मागच्या बाकावरचीच. शिवणाच्या तासाला आमच्या बाई माझं भरतकाम वर्गभर फिरवायच्या आणि गणिताच्या तासाला मला बाकावर उभं करायच्या. बाई एकच होत्या.

हा पोरगा ज्याच्या डोक्यातून निघाला तोही त्याच जातकुळीतला. फुजिको एफ. फुजिओ हे टोपणनाव, खरं नाव हिरोशी फुजिमोतो. जपानच्या तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावचा. खेळात कच्चा, अंगाने किरकोळ. पाचवीत असताना वर्गात मोतोओ अबिको नावाचा नवा मुलगा आला. तोही चित्रं काढणारा, यांची गट्टी जमली आणि पुढे दोघं मिळून एकाच नावाने चित्रकथा काढू लागले. १९५४ मध्ये दोघं तोक्योला गेले. कामं मिळायला लागली, भरपूर मिळायला लागली आणि १९५५ च्या नववर्षाला दोघं सुट्टीसाठी गावी गेले. तिथे गेल्यावर हात-पाय गळाले. आज करू, उद्या करू करता करता मासिकांच्या मुदती एकामागून एक चुकल्या, संपादकांच्या तारा येत राहिल्या आणि दोघांचं नाव इतकं वाईट झालं की पुढे बराच काळ त्यांना कुणी काम देईना. मी हे वाचलं तेव्हा मनात म्हटलं, बघा, सुट्टीचा गृहपाठ शेवटच्या दिवसापर्यंत न करणारा नोबिता दुसरा कोण!

खुद्द डोरेमॉनच्या जन्माची हकिकत याहून न्यारी आहे आणि ती फुजिमोतोंनीच पुढे चित्रकथेतून सांगितली. १९६९ च्या अखेरीला नवी मालिका द्यायची होती. पुढच्या महिन्यापासून येतेय म्हणून जाहिरातही छापून झाली, पण गोष्ट सुचलेलीच नव्हती. म्हणून जाहिरातीत काय छापलं, तर टेबलाचा उघडा खण, त्यातून काहीतरी बाहेर येतंय, आणि दचकलेला मुलगा. काय बाहेर येतंय ते काढणाऱ्यालाच माहीत नाही! फुजिमोतो बसल्या बसल्या मनोरे रचत राहिले, की कल्पना सुचवणारं एखादं यंत्र असतं तर. मग एका मांजराच्या पिसवा काढत बसले. मग डुलकी लागली. सकाळी मुदत छातीवर, धडपडत खाली पळाले आणि मुलीच्या खेळण्याला अडखळले. ते ढकललं की पुन्हा उभं राहणारं गोल बुडाचं बाहुलं. मांजर आणि बाहुलं, दोन्ही डोक्यात एक झालं. म्हणजे गोष्टीतल्या पोराने पुढे पन्नास वर्षं जे केलं, ते लेखकाने आधी करून पाहिलेलं होतं.

गोष्ट सुरू झाली तीही विचित्र पद्धतीने. शोगाकुकान या प्रकाशनाची लहान मुलांची मासिकं इयत्तेप्रमाणे निघत. शिशुवर्गाचं वेगळं, पहिलीचं वेगळं, दुसरीचं वेगळं. १९७० च्या जानेवारी अंकापासून अशा सहा मासिकांत डोरेमॉन एकदम सुरू झाला आणि प्रत्येकात गोष्ट निराळी, त्या त्या वयाला झेपेल अशी. पोरगं वरच्या वर्गात गेलं की मासिक बदलायचं, गोष्टीचा नूर जरासा बदलायचा, नोबिता तोच. १९७३ मध्ये टीव्हीवर आला आणि सहा महिन्यांत गाशा गुंडाळला. १९७९ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या वाहिनीवर पुन्हा आला तो अजून गेलेला नाही. मधे २००५ मध्ये आवाज आणि चित्रं नवी झाली एवढंच.

त्या मांजराची उंची १२९.३ सेंटिमीटर आहे. हा दशांश कुठून आला? तर त्या काळच्या जपानी चौथीतल्या मुलांची सरासरी उंची म्हणे तेवढी होती. भविष्यातला यंत्रमानव असला तरी त्याने पोराकडे वरून खाली पाहू नये, नजरेला नजर यावी. हे कळल्यावर मी लेकाशी बोलताना काही दिवस खाली बसून बोलत होते. मग गुडघ्यांनी नकार दिला.

चित्रांतली एक जागा मला फार आवडते. मुलं खेळतात तो रिकामा प्लॉट आणि त्यात रचून ठेवलेले तीन सिमेंटचे पाइप. खाली दोन, वर एक. नोबिता रडायला तिथे जातो, जाड्या गाणं म्हणायला तिथे चढतो. हे पाइप कसले, असा प्रश्न आजच्या जपानी मुलांना पडत असेल. ते साठ-सत्तरच्या दशकातलं तोक्यो आहे. भराभर वाढणारं, गटारांची कामं चाललेली, अजून घरं न उठलेले प्लॉट. आमच्या नाशिकच्या लेकरांना मात्र तो प्रश्न कधी पडला नाही. गंगापूर रोडच्या बाजूला नवीन सोसायट्या उठत होत्या तेव्हा अगदी तस्सेच पाइप रस्त्याकडेला वर्षभर पडून होते, पोरं त्यात बसून बोरं खात होती आणि "चल, नोबिताच्या पाइपात" असंच म्हणत होती. तोक्योतून तो प्लॉट केव्हाच नाहीसा झाला असेल, तो आमच्या गल्लीत येऊन राहिला होता. आता इथेही नाही. तिथे पार्किंग आहे.

आता गाऱ्हाणं. मालिका हिंदीत, त्यामुळे लेकाची मराठी पार खिचडी झाली. "आई, माझी मदत कर ना." मला मदत कर, बाळा. "मला इतका गुस्सा आला!" राग. "तो मला डरवतो." घाबरवतो. एकदा सासूबाईंना म्हणाला, "आजी, तू चिंता नको करूस, मी तुझा बचाव करेन," तर त्या म्हणाल्या, "बचाव कसला करतोस, मी काय कोर्टात उभी आहे?" हसण्यावारी नेलं तरी मनात खुपायचं. हे आमच्यापुरतं नव्हतं. बांगलादेशात मुलं डोरेमॉन पाहून फडाफडा हिंदी बोलायला लागली म्हणून २०१३ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारने हिंदीतून दाखवणाऱ्या वाहिन्याच थांबवल्या होत्या. ज्या देशाने भाषेसाठी रक्त सांडलं त्याला एका निळ्या मांजराची धास्ती वाटावी, यातली गंमत आणि दुखरी नस दोन्ही मला कळतात. मी घरी वाहिनी बंद केली नाही. एक दंड बसवला. हिंदी शब्द आला की मालिका थांबवून मराठी शब्द सांगायचा. हा दंड आठवडाभर टिकला, कारण 'गॅजेट'ला मराठी शब्द काय, यावर मीच अडकले. सासूबाईंनी 'चीजवस्तू' सुचवला. तो काही चालला नाही.

खाण्याचंही तसंच. मांजराला जे प्राणापलीकडे आवडतं त्याला हिंदीत 'डोरा केक' करून टाकलं होतं, म्हणून पोरांना वाटायचं आत चॉकलेट असणार. खरा पदार्थ 'दोरायाकी'. दोन गोड, जाडसर, तव्यावरचे घावन आणि त्यांच्यामध्ये बारीक लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड वाटण. कडधान्य शिजवायचं, साखर घालून आटवायचं, घोटायचं. हे वाचून मी हातातला फोन खाली ठेवला. अहो, हे पुरण आहे! रंग तेवढा वेगळा. होळीला उरलेलं पुरण होतंच, मी दोन गोड घावनांमध्ये भरून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वरचं घावन उचलून आत पाहिलं आणि म्हणाला, "ही फुटलेली पुरणपोळी आहे." खाल्लं मात्र तीनदा मागून.

सगळंच गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. शिझुका अंघोळ करत असताना नोबिता तिथे जाऊन धडकतो, हा प्रकार इतक्यांदा येतो की माझा हात रिमोटकडे जायचाच. ती हुशार आहे, तिला पियानो शिकवतात, पण जीव व्हायोलिनवर आहे आणि व्हायोलिन ती कर्कश वाजवते. इतकी छान मुलगी हाताशी असून गोष्टीत तिचं मुख्य काम काय, तर मोठेपणी नोबिताची बायको होणं. जणू पोराला सुधारण्याचं बक्षीस. जाड्याची मारझोडही गंमत म्हणून चालवून घेतलेली. ज्याला शाळेत रोज कुणी टपल्या मारतं त्याला ती गंमत वाटत नाही.

पहिल्याच गोष्टीत एक मजेदार तर्क आहे. भविष्यातून नोबिताच्या नातवाचा नातू सेवाशी येतो आणि सांगतो, तुझं पुढे वाटोळं होणार आहे, तुझ्या कर्जाने आमची पिढी गरिबीत आहे, म्हणून हे मांजर तुझ्याकडे ठेवून जातो. नोबिता विचारतो, मी बदललो, दुसऱ्या मुलीशी लग्न केलं, तर तू जन्मणारच नाहीस ना? सेवाशी म्हणतो, तोक्योहून ओसाकाला कुठल्याही वाहनाने जा, दिशा धरली की ओसाकालाच पोचशील. लेकाने हे मला समजावून सांगितलं ते असं: "नाशिकहून मुंबईला पंचवटीने जा नाहीतर लाल डब्याने, दादरला उतरशीलच ना?" यावर सासूबाई म्हणाल्या, "लाल डबा कसाऱ्यात बंद पडला म्हणजे?" त्याचं उत्तर मालिकेत नाही.

आणि मग ती आजीची गोष्ट.

नोबिताला जुन्या सामानात एक कापडी अस्वल सापडतं, ठिगळं लावलेलं. ठिगळं त्याच्या आजीने लावलेली. आजी तो बालवाडीत असतानाच गेली. त्याला तिला पुन्हा एकदा पाहायचं असतं, नुसतं लांबून. टेबलाच्या खणात कालयंत्र आहेच. (आमच्या चिरंजीवांनी याच कारणासाठी अभ्यासाच्या टेबलाचा वरचा खण कित्येक वर्षं रिकामा ठेवला होता. वाटेत सामान नको. पेन्सिली जमिनीवर, रंग गादीवर, खण मोकळा.) नोबिता मागच्या काळात जातो. तिथे त्याची तरुण आई या अनोळखी पोराला हुसकावून लावते. आजी मात्र त्याला भेटते. बोलता बोलता म्हणते, आमचा नोबी शाळेत जाताना पाहायला मिळाला तर किती बरं होईल. हा पळत परत येतो, दप्तर पाठीला लावतो आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहतो. म्हणतो, तुला खरं वाटणार नाही, पण मी नोबिता आहे. आजी म्हणते, मला तसं वाटलंच होतं. तो विचारतो, तुला शंका नाही येत? तर ती म्हणते, नोबीच्या बोलण्याची मी शंका घेईन का?

लगेच पुढे विनोद आहे. आजी म्हणते, आता तुझी बायको पाहायची इच्छा होतेय. आणि हा धावत शिझुकाकडे जाऊन लग्नाची घाई करतो. पण आमच्या खोलीत त्या विनोदाला कुणी हसलं नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांची जपमाळ थांबलेली. हिंदी त्यांना किती कळलं होतं कोण जाणे.

"ओळखलं की नाही लगेच," लेक त्यांना म्हणाला.

"मग? न ओळखायला काय झालं?" एवढंच बोलून त्या उठल्या आणि कुकर लावायला गेल्या. भाताची वेळ व्हायला अजून तासभर होता.

त्यानंतर मला त्या मालिकेतल्या चीजवस्तू दिसेनाशा झाल्या. उडायचा पंखा, कुठेही उघडणारं गुलाबी दार, वस्तू लहान करणारा दिवा, सगळं असतं आणि दहा मिनिटांत सगळं अंगाशी येतं. येणारच, गोष्टीचा नेमच तो. पण त्याआधी दर भागात एक लहानसा क्षण असतो. नोबिता रडत घरी येतो, जे काही सांगतो ते अतिशयोक्त, निम्मं स्वतःच्याच चुकीचं, आणि ते मांजर हातातला केक खाली ठेवून ऐकतं. कधी कंटाळून, कधी वैतागून, पण ऐकतं. त्या पोराचं म्हणणं खरं धरून चालणारं त्या घरात दुसरं कुणी नाही. आई पेपर मागते, बाबा दमून आलेले, सर वर्गाबाहेर उभं करतात. आजी गेली आणि ती जागा रिकामी राहिली, मग तिथे हे मांजर आलं. कुण्या अभ्यासकाने असं म्हटलंय का, मला ठाऊक नाही. मी कांजिण्यांच्या आठवड्यात म्हटलं.

डोरेमॉन कायमचा निघून जातो अशीही एक गोष्ट आहे, १९७४ सालची. मांजराला भविष्यात परत जायचंय, पण या पोराला एकटं सोडवत नाही. म्हणून नोबिता रात्री जाड्याशी एकटा भिडतो. मार खातो, उठतो, पुन्हा मार खातो, पाय सोडत नाही, शेवटी जाड्याच कंटाळून हार मानतो. "बघ, मी एकट्याने जिंकलो. आता तू निर्धास्त जा." सकाळी उशाशी कुणी नसतं. संपलं असतं तर शोकांतिका झाली असती, पण पुढच्याच महिन्यात फुजिमोतोंनी त्याला परत आणला, आणि आणला कसा! मांजर जाताना एक औषध ठेवून गेलेलं असतं. ते प्यायलं की तुम्ही बोलाल त्याच्या उलटं घडतं. एक एप्रिलला फसवलेला, चिडलेला नोबिता ते पितो, इतर पोरांवर सूड उगवून घरी येतो आणि आईला उदासपणे म्हणतो, डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. वर जातो, तर खोलीत तो उभा. मग नोबिता रडत रडत त्याला मिठी मारून म्हणतो, मला मुळीच आनंद झालेला नाही, आपण यापुढे कधीच एकत्र राहणार नाही. औषधाचा अंमल अजून उतरलेला नसतो.

२०२४ मध्ये, जुलैत नोरिको ओहारा गेल्या आणि सप्टेंबरात नोबुयो ओयामा. १९७९ ते २००५ अशी सव्वीस वर्षं जपानी नोबिताचा आवाज ओहारांचा आणि डोरेमॉनचा ओयामांचा. दोघीही बायका. आमच्याकडे हिंदीत जे आवाज घुमले तेही बायकांचेच, सिमरन कौर आणि सोनल कौशल. बातमी मी लेकाला पाठवली. तो आता पुण्याला वसतिगृहात, इंजिनिअरिंगला. त्याचं उत्तर आलं, एक निळं हृदय आणि "मेसमधली भाजी अजिबात वाईट नव्हती."

सासूबाई जाऊन सात वर्षं झाली. टेबलाचा तो खण कधी भरला मला आठवत नाही. परवा उघडला तर आत दोन चार्जर, इयरफोनचा गुंता, कॅल्क्युलेटर आणि क्लासच्या पावत्या.

तर उजळणीचं पुस्तक रद्दीतून बाजूला काढलं, त्या डागाचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, "आठवतंय? पाढा पाठ झाला नाहीच, पोळी मात्र गिळलीस."

त्याने लगेच फोन केला. असा सहसा करत नाही.

"मी कुठे खाल्ली? तू मारलंस म्हणून मी रडत होतो. आजीने खाल्ली."

"आजीने? का?"

"म्हणाली, थांब, आधी मी खाऊन बघते, खरंच पाठ होतंय का. मग रात्री अंथरुणात मला अख्खा तेराचा पाढा म्हणून दाखवला. एकदाही अडखळली नाही. मी म्हटलं, बघ, झालं की नाही? तर म्हणाली, झालं रे बाबा, खरंच झालं. आता तू माझ्यामागून म्हण."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सासूबाईंना तर पावकी, निमकीपासून औटकीपर्यंत अपूर्णांकांचेही सगळे पाढे पाठ होते.